नदीपार सोडलेले किडे

ता. ५ डिसेंबर १८९३, मंगळवार

बटाट्याची पाने जाळीदार झाली आहेत. शिरा शाबूत, मधला हिरवा भाग खरवडून नेलेला. एक पान डोळ्यांसमोर धरले तर त्यातून पलीकडची नदी दिसली.

काळुराम म्हणतो दृष्ट लागली. दादा परवा म्हणाला, अमेरिकेतला किडा आला. माझे मत भिंगातून पाहिल्यावर—ते घरी राहिले होते.

ता. ६

भिंग नेले. ही वहीही नेली. यापुढे मळ्यातच लिहीन. दवाखाना दुपारी बंद झाला की (मंगळवारी सुटी, तेव्हा सकाळीच) कल्याणातून शहाडपर्यंत चालत जाते. मळा नदीला लागून आहे, पलीकडच्या काठावर मोहने. जमीन आमची, कसतो काळुराम.

किडा मसुरीच्या दाण्याएवढा, अर्धगोल, विटकरी. पाठीवर काळे ठिपके अठ्ठावीस, दोन्ही अंगांना सारखे. बोट लावताच पाय आखडून खाली पडतो, मेल्याचे सोंग घेतो आणि गुडघ्यांतून पिवळा रस सोडतो. रसाला कडू वास. चव घेतली नाही. मुंबईस औषधे तोलायला शिकले तेव्हा पहिला धडा तोच होता.

दादाच्या पुस्तकातल्या अमेरिकन किड्याच्या पाठीवर पट्टे आहेत. याला ठिपके. म्हणजे तो हा नव्हे. दादाला हे आवडणार नाही.

ता. ८

अंडी सापडली! पानाच्या खालच्या अंगाला, पिवळी, एकाशेजारी एक उभी रचलेली—समईच्या ज्योती मांडून ठेवाव्यात तशी. मी आजवर पाने वरूनच पाहत होते.

अळी पिवळी, अंगभर फाटे फुटलेले काटे. खरे खाणे तिचेच. किड्याकडे सगळे पाहतात, तिच्याकडे कोणी नाही.

दोन किडे बाटलीत घालून घरी आणले. वहिनी म्हणाली, "वन्सं, ती बाटली देवघराच्या फळीवर नको." हलवली. मग तीच दोनदा येऊन पाहून गेली.

ता. ९, शनिवार

दादा ठाण्याहून आला. आठवडाभर तिथेच राहतो. पुण्यास शेतकीचा वर्ग पुरा करून हा माणूस कचेरीत कागदांच्या नकला करतो आहे. कल्याणात बटाटा होत नाही असे सगळे म्हणतात. तो करून दाखवला तर शेतकी खात्यातल्या साहेबापुढे उभे राहता येईल, जागा मागता येईल. बेणे तळेगावहून स्वतः बैलगाडीबरोबर चालत आणले.

पट्टे आणि ठिपके यांतला फरक सांगितला. म्हणाला, जात कोणतीही असो, औषध एकच. तिकडचे शेतकरी एक हिरवी पूड वापरतात. रंगाच्या दुकानात मिळते. पिठात मिसळून पानांवर धुरळायची, तीन दिवसांत मळा स्वच्छ.

ती पूड कशाची असते ते मला माहीत आहे. सोमल—जहाल विष—आणि तांबे. दवाखान्यात सोमल कुलपात असतो, आणि किल्ली माझ्या कमरेला.

तो म्हणाला, "तुझ्या तराजूवर माझा भरवसा आहे. तूच तोलून दे."

बटाट्याच्या सरींमधले गवत काळुरामच्या म्हशी खातात. त्याच्या घरच्या बायका याच काठावरून पाणी भरतात. हे मी सांगितले. आधी हाताने वेचून पाहू दे, असेही म्हटले. त्याने पंचांग काढून दिवस मोजले. मग म्हणाला, संक्रांतीपर्यंत थांबतो. त्यानंतर पूड.

ता. १२, मंगळवार

पहाटेच्या गारठ्यात किडे ताठरलेले असतात, उडत नाहीत. हे बाटलीतल्या दोघांनी शिकवले. काळुराम, त्याची बायको आणि मी—तिघांनी सगळ्या सरी वेचल्या. दोन द्रोण भरले.

मी घासलेट घातलेले पाणी तयार ठेवले होते. काळुरामने द्रोण माझ्या हातून काढून घेतला. मारायचे नाहीत, गावदेवी कोपते. मग काय करणार, विचारले तर म्हणाला, "सोडताव."

पडीत जागी सोडत असेल.

ता. १६, शनिवार

परत तितकेच! मंगळवारी वेचल्यावर पाने जवळजवळ मोकळी होती. अंड्यांतून इतक्या लवकर पूर्ण किडा होत नाही. बाटलीतल्या किड्यांनी घातलेली अंडी अजून फुटायची आहेत. म्हणजे हे बाहेरून आले. कुठून?

आणि एक गोष्ट. एका किड्याच्या पाठीवर, मधोमध, तांबडा डाग. काळ्या ठिपक्यांवरून गेलेला, गर्द, कडा किंचित पसरलेली. असा आधी पाहिला नव्हता. शोधले तर आणखी चार सापडले. पाचही नदीकडच्या सरींत.

दादाला दाखवला. तो भिंगावरून उठेचना.

ता. १७, रविवार

दादाच्या सांगण्यावरून तांबड्या किड्याचे चित्र काढले. वरून, बाजूने, पाय आखडलेला. चांगले आले आहे. वहिनीला दाखवायला निघाले होते, तर दादा म्हणाला, सध्या कोणालाच नको. बाहेर फुटले तर दुसराच कोणी नाव देऊन मोकळा व्हायचा. तो नव्या जातीला नाव शोधतो आहे. हसत नाही, खरोखर शोधतो आहे.

मलाही रात्री झोप लागली नाही, हे लिहून ठेवते. नवी जात! शहाडच्या मळ्यात!

ता. २०

दादाचा ठाण्याहून निरोप आला. साहेबाने चित्र पाहिले. कोणी काढले, ते विचारले. पुढच्या महिनाअखेरीस, म्हणजे जानेवारीच्या शेवटी, तो स्वतः मळा पाहायला येणार आहे.

ता. २२

काहीतरी चुकते आहे.

किड्याच्या पाठीवर दोन कठीण पंख असतात, मध्ये सांधा. काळे ठिपके त्या सांध्याशी येऊन थांबतात. जे आडवे येतात ते तुटून दोन्हीकडे अर्धे अर्धे वाटले जातात. तांबडा डाग मात्र सांध्यावरून सलग गेला आहे. एका ठिकाणी तर सांध्याच्या फटीत शिरला आहे. अंगातला रंग असा फटीत शिरत नाही. वरून लावलेला शिरतो.

चित्र काढताना हे मी पाहिले होते. पाहिले आणि तसेच काढले. अर्थ लावला नाही.

ता. २३

एक किडा घेतला. कापसाला पाणी लावून डाग टिपला. कापूस तांबडा झाला. त्यावर लिंबाचा थेंब—पिवळा. पुन्हा चुन्याची निवळी—तांबडा.

हळद आणि चुना.

कुंकू!

वहिनीने एका नजरेत ओळखले असते. तिच्या हातात रोज असते. घरात करंडा एकच आहे आणि मी त्याला सात वर्षे हात लावलेला नाही. तरी कुंकू ओळखायला मला लिंबू लागले, हे इथेच राहू दे.

आता प्रश्न वेगळा. किड्याला कुंकू कोण लावते?

ता. २६, मंगळवार

पाचही तांबडे किडे नदीकडच्या सरींत सापडले होते. म्हणून सकाळपासून काठावरच्या करंजाखाली बसले.

उन्हे वर आल्यावर मोहन्याची होडी आली. तीन बायका उतरल्या. पुढची तरणी, कडेवर लेक, हातात पळसाचा द्रोण. काठावर बसली. द्रोणातून एक किडा उचलला, पाठीवर कुंकवाचे बोट टेकवले, तेच बोट आपल्या कपाळाला, आणि किडा गवतात सोडला. पोर कुरकुरली तेव्हा तेच बोट तिच्या तोंडात दिले. मग दुसरा किडा. असे सात. बाकीचा द्रोण नुसताच उपडा केला—आमच्या मळ्याकडे तोंड करून.

मी पुढे गेले. ती दचकली नाही. काळुरामची लेक निघाली! शेवंती. मोहन्यास दिली आहे. वांग्याच्या मळ्यात काम करते, आणि त्या वांग्यांना हाच किडा लागला आहे.

तिला आमची पाने दाखवली. तिने एक पान उलटून पाहिले.

"आमी सोडताव ते तुमच्या मल्यान येतान?"

येतात म्हटले.

"मना वाटला, देवी नेतं."

मग तिने एक सांगितले, ते मी तिथेच उभ्याने लिहून घेतले. तिकडे वांग्यांवर अधूनमधून पिवळ्या पाठीचे किडे सापडतात. हळद लागलेली. मोहन्यातल्या बायका त्यांना पाया पडतात. देवीनेच हळद लावून पाठवले म्हणतात.

ता. २७

काळुरामला विचारले. हळद तोच लावतो. त्याच्या घराण्यात हळदीची चाल आहे, मोहन्यात कुंकवाची. कीड मारायची नाही, शिवेपार सोडायची. शीव म्हणजे नदी. तेव्हा हा दर मंगळवारी संध्याकाळी द्रोण घेऊन मोहन्यास जातो, आणि मोहनेकर दर मंगळवारी सकाळी इकडे येतात. होडी एकच!

किडे पोसायचे, अंडी घातली की वाजतगाजत पलीकडे पोचवायचे. असा बेत आखूनही साधला नसता.

मी म्हटले, तुमची लेक तिकडे राहते, हे सोडताना आठवले नाही का. तो चिडला. "कीड काय लेकी-सुनांचं घर बघून उतरतं?" थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "तिनं तरी बापाचं शेत बघून सोडाचं होतं."

मळा सोडून मी घराकडे निघाले तेव्हा मला हसू येत होते. वाटेत थांबले. साहेबाचे आठवले.

ता. ३०, शनिवार

दादाला सांगितले. जेवणानंतर, ओटीवर. कापूस आणि लिंबाची फोड घेऊनच गेले होते. प्रयोग त्याच्यासमोर केला. पिवळा, तांबडा, पिवळा.

त्याने कापूस उचलून दिव्यापाशी धरला. "साहेबाने उठून माझा हात हातात घेतला होता, उत्तरे."

मी म्हटले, चित्र माझे, चूक माझी. त्याला तसे सांग.

त्याने ते ऐकलेच नाही. आत गेला आणि डबा घेऊन आला. पत्र्याचा, झाकण मेणाने बंद केलेले. मुंबईहून मागवलेली हिरवी पूड. साहेब येईल तेव्हा त्याला ठिपक्याची गोष्ट नको, निकाल दाखवतो, म्हणाला. तीन दिवसांत साफ झालेला मळा पाहिला की तांबडा किडा तो विसरेल. मी फक्त तोलून द्यायचे, पिठात किती आणि कसे.

मी नाही म्हटले. बायका हाताने किडे वेचतात.

"धुतील हात."

"कशात? नदीतच ना?"

तेव्हा तो जे बोलला ते सात वर्षांत कधी बोलला नव्हता. "तुझ्या केसांसाठी मी सगळ्या भावकीशी भांडलो."

खरे आहे. केस राहिले, शिक्षण झाले, नोकरी आहे, ती त्याच्यामुळे. दुसरा कोणी असता तर आज मी या ओटीवर त्याच्यासमोर बसून बोललेही नसते.

मी म्हटले, "ते मी विसरलेले नाही. तरी तोलणार नाही. संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणाला होतास."

"म्हणालो होतो," तो म्हणाला आणि दिवा घेऊन आत गेला.

ता. २ जानेवारी १८९४, मंगळवार

सकाळच्या होडीने शेवंती आली तेव्हा काळुराम काठावर उभा होता. बापलेकीचे आधी कडाक्याचे भांडण झाले. कोणी कोणाचे किती खाल्ले, कोणाच्या वांग्यात किती भोके. मग ती खाली बसली आणि हसायलाच लागली. काळुरामही.

मी बोलले ते थोडकेच. किडा नदीपार नेला तरी अंडी इथेच राहतात, पानाखाली. अंड्यांचे पान खुडून पुरले तर ती कीड मारणे होईल का?

काळुराम विचारात पडला. अंडे म्हणजे कीड नव्हे, असे शेवटी त्याने ठरवले. शेवंती म्हणाली, पान खुडायला देवीची काय हरकत. आणि वेचलेले किडे? इथे अडले. बराच वेळ घातल्यावर तोड निघाली. सात किडे देवीचे. ते कुंकू लावून किंवा हळद लावून नदीपार सोडायचे, चाल मोडायची नाही. बाकीचे घासलेटच्या पाण्यात.

सातांत माद्या किती, हे मी विचारले नाही. सात चालतील.

ता. ५

अंड्यांची पाने: एक टोपली. खड्डा करून पुरली. काळुरामची बायको पान उलटून पाहण्यात आमच्या सगळ्यांहून जलद आहे. तिला ते पिवळे दुरून दिसते म्हणे. मला अजून प्रत्येक पान उलटावे लागते.

ता. ९, मंगळवार

मोहन्याहून सातच आले! मोजून घेतले. आमच्याकडूनही सात गेले. होडीवाला कुरकुरला की एवढ्याशा द्रोणासाठी खेप.

नवी पाने येऊ लागली आहेत. न खाल्लेली. मी एकाच झाडापाशी इतका वेळ बसले की वहिनीने माणूस पाठवला.

ता. १२, शुक्रवार, संक्रांत

दादाने मळा पाहिला. दोन सरी स्वतः उलटून पाहिल्या. किडे आहेत, पण तुरळक. अळी शोधावी लागते. तो कबूल झाला. घरी आल्यावर डबा माझ्या हातात दिला. "घे. तुझे खरे झाले."

मी विचारले, मग चेहरा असा का. म्हणाला, "साहेबाला काय दाखवू?"

"नवी पाने."

"नवी पाने सगळ्यांच्याच मळ्यात येतात, उत्तरे."

डबा तसाच दवाखान्यात नेला आणि सोमलाच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. मेण फोडलेले नव्हते. मनावरचे ओझे उतरले.

संध्याकाळी घरी वहिनीचे हळदीकुंकू. मी मागच्या खोलीत बाटलीपाशी. शेवंती मागच्या दाराने तीळ घेऊन आली, कडेवर पोर. पुढे बायकांचा आवाज येत होता. तिने विचारले, "तुमी नाय जात पुढं?" नाही म्हटले. बाटलीतली अळी कोशात गेली होती, ती दाखवली. पोरीला भिंगातून पाहायचे होते. पाहण्याऐवजी तिने भिंग चाटले.

ता. १४, रविवार

दादा मोहन्यास जाऊन आला. तिकडच्या पाटलाचे वांग्याचे मोठे मळे आहेत. पाटलाने बोलावले होते, किडीबद्दल दोन गोष्टी समजावून आलो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी जेवताना बोलत होता. वहिनीला दुसऱ्यांदा भात वाढायला सांगितला. साहेबाला दाखवायला काहीतरी मिळेल असे दिसते, म्हणाला.

बरे वाटले. अंडी खुडण्याचे त्याने तिकडेही सांगितले असेल तर चांगलेच.

ता. १६, मंगळवार

मोहन्याचा द्रोण आला. होडीवाल्याच्या हाती. शेवंती आली नाही. का, ते त्याला माहीत नाही. द्रोण तिनेच भरून दिला, एवढे सांगतो.

सात किडे. सातही मेलेले. पाठीवर कुंकू आणि कुंकवाभोवती हिरवी पूड. भिंग लागले नाही.

डबा कुलपात आहे. किल्ली आत्ता माझ्या कमरेला आहे. डबे किती आणलेस, हे मी दादाला विचारले नव्हते. तोलणाऱ्या बाईने आधी तेच विचारायचे असते.

होडी वळवायला सांगितली आहे. ती वळते आहे तेवढ्यात हे लिहिते.

शेवंतीचे बोट. आधी किड्याला, मग कपाळाला, मग लेकीच्या तोंडात.